मीटरगेजवरची आशा : लासूर स्टेशन, १९७७

लासूरला जायचंय म्हटलं की इथला माणूस उलट विचारतो, ‘‘गाव का स्टेशन?’’ शिवना नदीकाठचं लासूरगाव दाक्षायणी देवीचं, वैजापूर तालुक्यातलं. लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यातलं, आणि त्याचं दैवत म्हणाल तर रेल्वे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची लाइन मनमाडला जाऊन मिळाली. त्या मीटरगेज रुळांच्या कडेला आडती आल्या, गोदामं आली, हमाल आले आणि हे दुसरं लासूर उभं राहिलं. इकडे पोटूळ, तिकडे परसोडा, पुढे रोटेगाव. आणि सगळ्यांच्या शेवटी मनमाड. तिथे अरुंद रूळ संपायचे, रुंद सुरू व्हायचे. मुंबईला निघालेला माणूस वळकटी घेऊन उतरायचा आणि गाडी बदलायचा. मालही एका डब्यातून उतरून दुसऱ्यात चढायचा, म्हणजे हमाली दोनदा. मराठवाड्याचं गाऱ्हाणं समजून घ्यायला एवढा एक फलाट पुरे होता.

या स्टेशनावरच्या पुरोगामी मतदाराची ही गोष्ट आहे. पुरोगामी हा शब्द तेव्हा त्यानं स्वतःला लावला असता की नाही, शंका आहे. तो शाळामास्तर होता, कापसाच्या आडतीतला मुनीम होता, रेल्वेतला गँगमन होता, नागसेनवनात मिलिंद कॉलेजला शिकायला गेलेला पोरगा होता. कुणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत कवायत केलेला, कुणी बाबासाहेबांचा फोटो घरात लावणारा, कुणी विहिरीवर इंजिन बसवायला कर्ज मिळतंय का हे बघत असलेला शेतकरी. या सगळ्यांचं मत एका पेटीत पडायला एकच निवडणूक कारणीभूत झाली, १९७७च्या मार्चमधली.

पण तिची सुरुवात मला आठ वर्षं मागे दिसते, तीही राष्ट्रपतींच्या निवडणुकीत. लासूरच्या माणसाला राष्ट्रपती निवडण्याचा अधिकार नाही, तो आमदार-खासदारांचा. तरीही १९६९ साली व्ही. व्ही. गिरी विरुद्ध नीलम संजीव रेड्डी ही लढत चहाच्या दुकानात चघळली गेली, कारण काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी असताना इंदिरा गांधींनी ‘अंतरात्म्याचा आवाज’ ऐकायला सांगितलं होतं आणि त्याच्या महिनाभर आधी, १९ जुलैला, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. आडत्याच्या वहीशिवाय दुसरी बँक न पाहिलेल्या गावात या बातमीचं वजन वेगळं होतं. गिरी निवडून आले, तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजून. जुने, बडे, सिंडिकेटवाले हरले आणि गरिबांची बाजू घेणारी बाई जिंकली, असा या निकालाचा अर्थ लागला. १९७१ला ‘गरिबी हटाओ’ आलं. औरंगाबादनं काँग्रेसचाच खासदार दिला, देशात इंदिराबाईंना ३५२ जागा मिळाल्या. १९७७ला जो मतदार त्यांच्यावर उलटला, तो बहुतेक हाच. त्याला शत्रू पाडायचा नव्हता. दिलेल्या मताचा हिशेब मागायचा होता.

हिशेब लांबत गेला होता. १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्यानं खडी फोडली, नालाबंडिंगची माती वाहिली आणि सुकडी खाल्ली. १९७४ला विकास आंदोलन पेटलं. वसमतला पोलिसांची गोळी चालली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, आणि स्टेशनाच्या गावाला संप म्हणजे काय ते वर्तमानपत्रातून समजून घ्यावं लागत नाही. गाडी येत नाही, एवढं पुरतं. संप मोडला. त्याचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस पुढे बेड्या घातलेल्या हाताच्या फोटोतून सगळीकडे पोचले.

मग २५ जून १९७५. आणीबाणीचा मराठवाड्यातला अनुभव थोडा अवघड जागचा आहे, कारण सत्तेवर बसलेला माणूस आपलाच होता. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण मूळ पैठणचे, नांदेडात वाढलेलं त्यांचं राजकारण. जायकवाडीचं धरण त्यांच्या हट्टामुळे झालं, असं आजही लोक मानतात, आणि १९७६च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनीच त्याचं उद्घाटन केलं. नाथसागरात पाणी साठत होतं आणि त्याच वर्षी विधिमंडळात सक्तीच्या नसबंदीचा कायदा संमत होत होता. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यानं तो कधी अमलात आला नाही, पण खेड्यातल्या माणसाला विधेयक आणि कायदा यांतला फरक कोण सांगणार? त्याला दिसत होता तो ‘केस’ आणायला पाठवलेला मास्तर. एरवी गावात मान असलेला हा माणूस दारात आला की बाप्ये मागच्या दारानं शेतात जायचे. सरकारी नोकराला ठरवून दिलेल्या कोट्यानं मास्तराची जेवढी अप्रतिष्ठा केली, तेवढी पगार थकल्यानंही कधी झाली नव्हती.

तुरुंगात गेलेल्यांत ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव होते. ते वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचे, म्हणजे लासूरकरांच्या शिवेवरचेच. निजामाच्या वेळी तुरुंग पाहिलेला माणूस स्वतंत्र भारतात पुन्हा तुरुंगात. ही गोष्ट या भागाला जशी लागली तशी पुण्या-मुंबईला लागली असेल असं मला वाटत नाही. निजामाचं राज्य संपलं त्या १७ सप्टेंबर १९४८ला एकोणतीस वर्षंही झाली नव्हती. पन्नाशीच्या माणसाला रझाकार आठवत होते, मनमाडच्या सरहद्दीपलीकडचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प आठवत होते. पोलीसपाटलाकडे आपलं नाव गेलंय ही कुजबुज त्याच्या पोटात जुन्याच जागी गोळा आणायची.

१८ जानेवारी १९७७ला निवडणूक जाहीर झाली. पाचच दिवसांनी संघटना काँग्रेस, जनसंघ, लोकदल आणि समाजवादी यांनी मिळून जनता पक्ष काढला. नोंदणीला वेळ नव्हता, म्हणून चिन्ह घेतलं लोकदलाचं : चक्रातला नांगरधारी शेतकरी. उत्तरेत चरणसिंगांमुळे ते ओळखीचं असेल, इथे कुणी पाहिलेलं नव्हतं. समोर ‘गाय-वासरू, नका विसरू’ ही घोषणा पोरासोरांच्या तोंडी बसलेली. त्यामुळे कार्यकर्त्यांचं पहिलं काम लोकशाहीवर बोलण्याचं नव्हतं, चित्र ओळखीचं करण्याचं होतं. गेरू आणि चुन्यानं भिंतीवर चाक काढायचं आणि त्यात खांद्यावर नांगर घेतलेला माणूस. काढणारा चित्रकार नसल्यानं तो माणूस कुठे पैलवान दिसे, कुठे बुजगावणं. कुठे नांगरधाऱ्याचा बंदूकधारी झाला असेल तर नवल नाही.

औरंगाबादचे उमेदवार डॉ. बापू काळदाते. पेशानं डॉक्टर, घडण सेवादलाची, लातूरचे माजी आमदार, आणि वक्ता असा की सभा उठायला नको. समाजवादी माणसाला गर्दी जमवता येते, मतं नाही, अशी चेष्टा तेव्हाही चालायची. या खेपेला गर्दी आणि मतं एकाच दिशेनं निघाली होती. सभा संपली की झोळी फिरे. निवडणुकीत पुढारी वाटतो हे पाहिलेल्या माणसाला पुढारी मागतोय हेच नवं होतं. त्या झोळीत पडलेल्या नाण्यांनी किती खर्च भागला असेल, कुणास ठाऊक. पण नाणं टाकणारा स्वतःला पक्षाचा भागीदार समजू लागला, आणि पुढच्या सगळ्या चिडीचं मूळ मला त्या भागीदारीत दिसतं.

या प्रचारातली माणसं पाहा. पांढऱ्या टोपीचा समाजवादी आणि काळ्या टोपीचा संघवाला एकाच सायकलीवर डबलसीट. तुरुंगात एका बराकीत राहिल्यानं पुढाऱ्यांचं मेतकूट जमलं होतं, खाली मात्र कालपर्यंत एकमेकांच्या सभेत प्रश्न विचारणारी पोरं होती. युवक क्रांती दलाची, म्हणजे युक्रांदची, आणि कॉलेजातली बरीच पोरं रात्ररात्र जागून भिंती रंगवत होती आणि त्यांतल्या अनेकांना मत नव्हतं, कारण मताचं वय तेव्हा २१ होतं. आईबापाला, आज्याला हाताला धरून केंद्रावर नेणं एवढंच त्यांच्या हातात. मुसलमान मतदार परंपरेनं काँग्रेसचा, पण दिल्लीच्या तुर्कमान गेटची आणि नसबंदीची बातमी मशिदीच्या ओट्यावर येऊन बसली होती. जनसंघ ज्या पक्षात आहे त्याला मत द्यायचं का, हा त्याचा पेच समाजवादी उमेदवारानं थोडा सोपा केला.

सर्वांत मोठी ओढाताण बौद्ध वस्तीत होती. रिपब्लिकन पक्षाचा खोब्रागडे गट जनताबरोबर, गवई गट काँग्रेसबरोबर. नामदेव ढसाळांनी आणीबाणीत इंदिरा गांधींची बाजू घेतलेली. आणि ऐन प्रचारात, ७ मार्चला, राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी मुंबईत दलित पँथर बरखास्त केल्याचं जाहीर केलं. मतदानाला दहा-बारा दिवस असताना सर्वांत लढाऊ संघटनेचं दार तिच्याच संस्थापकांनी ओढून घेतलं. औरंगाबादेत गंगाधर गाडे आणि त्यांच्या सोबत्यांनी थोड्याच दिवसांत भारतीय दलित पँथर म्हणून ते पुन्हा उघडलं, पण मार्चमध्ये ज्यानं मत टाकलं त्यानं कुणाच्या आदेशावाचूनच टाकलं. कम्युनिस्टांचं तसंच. एक पक्ष आणीबाणीच्या बाजूला, दुसरा विरोधात, आणि विळा दोघांच्याही झेंड्यावर.

राष्ट्रपती या प्रचारातही आले, पण बातमी होऊन. ज्यांनी आणीबाणीच्या हुकमावर सही केली होती ते फख्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारीला वारले. सगळ्या देशाचा कारभार एका सहीवर फिरला होता आणि ती सही करणारा माणूसच निकाल पाहायला राहिला नाही.

मतदान १६ ते २० मार्च. २० तारखेच्या रात्रीपासून रेडिओभोवती घोळके बसले. आकाशवाणी अडखळत होती, लोक बीबीसीचा काटा शोधत होते. रायबरेलीहून इंदिरा गांधी पडल्या, अमेठीहून संजय. महाराष्ट्रात काँग्रेसला २० जागा राहिल्या. जनताला १९, शेतकरी कामगार पक्षाला म्हणजे शेकापला ५, मार्क्सवाद्यांना ३, खोब्रागडे गटाला १. पण मराठवाड्याचा आकडा वेगळा काढून पाहावा. आठापैकी सात जागा विरोधकांच्या. औरंगाबादेत काळदाते, जालन्यात पुंडलिक हरी दानवे, हिंगोलीत चंद्रकांत पाटील, बीडला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे, आणि शेकापचे तिघे : लातूरला उद्धवराव पाटील, नांदेडला केशवराव धोंडगे, परभणीला शेषराव देशमुख. काँग्रेसकडे उरलं ते उस्मानाबाद. मुख्यमंत्री ज्या मातीतला, तिनंच त्याच्या पक्षाला झाडून टाकलं. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना आणि बँक यांनी माणूस बांधला होता, इथे बांधायला दावंच नव्हतं, हे त्याचं एक कारण. दुसरं ते निजामाच्या आठवणीचं.

२४ मार्चला मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि थोड्याच दिवसांत लासूर स्टेशनाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी बातमी आली : रेल्वेमंत्री मधू दंडवते. समाजवादी, मराठी, कोकणात एसटीनं हिंडणारा माणूस. आता रुंद रूळ आलाच, मनमाडची हमाली संपलीच. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली, संपात काढलेल्या कामगारांना परत घेतलं. ही कामं लहान नव्हती. पण मीटरगेज आपल्या जागी राहिलं. जुलैत आणखी एक गंमत झाली. १९६९ला ज्यांना पाडल्याचा आनंद झाला होता ते नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. दाखल झालेल्या ३७ अर्जांपैकी त्यांचा एकच वैध ठरला. तेव्हाचे सिंडिकेटवाले आता आपल्याच सरकारचे राष्ट्रपती. चहाच्या दुकानात याचा अर्थ लावायला कुणाला जमलं असेल, तर त्याला भेटायला मला आवडेल.

इथवरची निराशा अंगावर घेता येण्यासारखी होती. सरकार म्हटलं की काही कामं होतात, काही राहतात.

फेब्रुवारी १९७८ला विधानसभेची निवडणूक झाली. जनता ९९ जागा घेऊन पहिला, तरी फुटलेल्या काँग्रेसचे दोन्ही गट एकत्र येऊन वसंतदादा पाटलांचं सरकार आलं. ते जुलैत शरद पवारांनी पाडलं आणि १८ जुलैला पुरोगामी लोकशाही दलाचं, पुलोदचं सरकार आलं. ज्या शब्दासाठी ही माणसं उन्हातान्हात हिंडली तो शब्द पहिल्यांदा सरकारच्या नावात बसला. जनता, शेकाप, सगळे आपलेच आत. नवव्या दिवशी, २७ जुलैला, दोन्ही सभागृहांनी ठराव केला : मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव.

त्या रात्रीपासून मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, जिल्ह्यामागून जिल्हा. शेकडो गावांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचं नाव पुढे चळवळीत कायमचं राहिलं. ज्या बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद कॉलेज उभं केलं, ज्या कॉलेजात नुसती दलितांची नाहीत, सगळ्या जातींची खेड्यातली मुलं शिकली, त्यांचंच नाव दारावर नको म्हणून रेल्वे अडवल्या, पूल उखडले.

आणि इथे ती भागीदारी फाटली. सोळा-सतरा महिन्यांपूर्वी एका भिंतीवर एकच नांगरधारी रंगवणारे हात वेगळे झाले. पोटजातीचा, शेतीचा, गावकीचा जो प्रश्न प्रचारात कुणी काढलाच नव्हता, तो आता काढायची वेळ गेली होती. एस. एम. जोशी, बाबा आढाव नामांतराच्या बाजूनं ठाम उभे राहिले. एसेम तर राज्याच्या जनता पक्षाचे अध्यक्ष राहिलेले, आणि त्यांना त्यांच्याच मतदारांकडून शिव्या खाव्या लागल्या. उलट बाजूला कोण? गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव. मुक्तिसंग्रामातले, तुरुंग भोगलेले, सचोटीबद्दल शंका घ्यायला जागा नसलेले. मराठवाडा हे नाव निजामाशी झगडून मिळवलं, ते पुसू नका, हे त्यांचं म्हणणं. आणीबाणीत ज्याच्यासाठी लासूरच्या मास्तरानं उसासे टाकले, त्याच संपादकाचा अग्रलेख वस्तीतल्या पोरानं वाचला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल?

अस्मितेचा हा युक्तिवाद मी बऱ्याचदा समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. त्यात खोटेपणा नव्हता. पण जळालेल्या घराच्या राखेवर उभं राहून तो ऐकताना तो फार दुरून आल्यासारखा वाटतो. निजामाच्या सत्तेत अन्याय ओळखणारी नजर गावच्या पाणवठ्यावर का अंधारली, याचं उत्तर त्या पिढीनं नीट दिलं नाही. दंगलीचं कारण दाखवून पुलोद सरकारनं ठरावाची अंमलबजावणी बाजूला ठेवली. पुरोगामी सरकारनं पुरोगामी ठराव केला आणि तो फडताळात टाकला. दगड मारणारा जिंकला, हे गावागावात सगळ्यांना कळलं.

सेवादलाच्या, युक्रांदच्या पोरांपुढे तेव्हा दोनच वाटा होत्या. घरी बसायचं, नाहीतर नामांतराच्या सत्याग्रहात जाऊन आपल्याच भावकीचे टोमणे खायचे. बरेच गेले. मत नसतानाही ज्यांनी भिंती रंगवल्या होत्या, त्यांच्यातले बरेच गेले असावेत असा माझा कयास आहे. त्यांनी झोळीत पैसे टाकले नव्हते, त्यामुळे बुडाल्याची भावना त्यांना कमी असेल. १९७९च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे नागपूरहून औरंगाबादच्या दिशेनं लाँग मार्च घेऊन निघाले, तोवर दिल्लीतलं सरकारच राहिलं नव्हतं. संघाचं सभासदत्व आणि पक्षाचं सभासदत्व एकत्र चालेल का, या वादात जनता पक्ष उभा चिरला. सायकलीवरच्या डबलसीटचा तो हिशेब दिल्लीत दोन वर्षांनी मांडला गेला. जुलैत मोरारजींनी राजीनामा दिला, ८ ऑक्टोबरला या लढ्याचे म्होरके जयप्रकाश नारायण गेले.

जानेवारी १९८०ला पुन्हा तीच शाळा, तीच रांग. मतपत्रिकेवर गाय-वासरू नव्हतं, हाताचा पंजा होता, आणि या वेळी चिन्ह ओळखीचं करून देण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर होती. महाराष्ट्रातल्या ४८पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसला गेल्या. औरंगाबादनं निवडून दिले काझी सलीम, उर्दूतले नव्या वळणाचे कवी. वस्तीतल्या कितीकांनी पुन्हा बाईंनाच मत दिलं, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवायला १९७७च्या भागीदारांजवळ तोंड नव्हतं.

विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ला, तेही मराठवाडा हा शब्द सोबत ठेवून. त्याच दशकात लासूर स्टेशनावर रुंद रूळ पडले. आता मुंबईची गाडी मनमाडला न बदलता इथूनच जाते. सामान घेऊन फलाट बदलायची सवय असलेली म्हातारी माणसं मनमाड जवळ आलं की तरीही उठून उभी राहतात, वळकटीला हात घालतात, आणि शेजारचं पोरगं सांगतं, ‘‘बसा आजोबा, गाडी हीच आहे.’’